पाण्याखाली ‘चालवून घेणं’ नको

समुपदेशन केंद्रात काम करणाऱ्या आम्ही पाचजणी गेल्या हिवाळ्यात मालवणला स्कूबा डायव्हिंग करायला गेलो. ‘हे कसले चोचले?’ असं घरच्यांनी विचारलं, तसं चळवळीतल्या मैत्रिणींनीही विचारलं. बाईच्या कष्टांबद्दल आपण पुष्कळ बोलतो. तिने स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या वेळात केलेल्या मजेबद्दल बोलायला मात्र अजून कचरतो. पण मला सांगायचंय ते पुढचं.

बोटीवर मला मिळालेला मास्क गालापाशी सैल होता. तसं म्हटलं, तर उत्तर आलं, ‘ताई, घ्या चालवून.’ आणि मी घेतलं! रोज बायकांना ‘गप्प बसू नका, बोला’ असं सांगणारी मी. पाण्यात उतरताच मास्कमध्ये पाणी शिरलं, नाकात खारट झणका बसला आणि घाबरून मी श्वास रोखला. स्कूबात नेमकं हेच करायचं नसतं. श्वास रोखून वर आलं तर फुप्फुसातली हवा फुगते आणि गंभीर इजा होऊ शकते. सोबतच्या प्रशिक्षकाने वेळीच सावरलं म्हणून निभावलं.

नंतर मी रीतसर शिकले. नवशिकीने सगळा सरंजाम विकत घ्यायची गरज नाही. टाकी, रेग्युलेटर, हवा भरायचं जॅकेट महाग असतं, त्यांची देखभालही लागते. ते भाड्याने घ्यावं. घ्यायचाच तर आधी मास्क घ्या, कारण प्रत्येकीचा चेहरा वेगळा. पट्टा न लावता तो चेहऱ्यावर ठेवा, नाकाने हलका श्वास आत ओढा आणि हात सोडा. चिकटून राहिला तर तो तुमच्या मापाचा. कडेखाली केस अडकू देऊ नका. पोहायचा गॉगल इथे चालत नाही. खोल जाताना मास्क चेहऱ्यावर दाबला जातो, तेव्हा नाकातून थोडी हवा आत सोडावी लागते. म्हणून नाक मास्कच्या आत हवं. जॅकेट आणि सूटही अंगाला बसेल तोच मागा, बोटीवरची सगळी मंडळी खोळंबली तरी.

सहल निवडताना आधी आपल्याला काय हवंय ते ठरवा. एका दिवसाच्या अनुभवात प्रशिक्षक तुम्हाला धरून नेतो, पोहता आलंच पाहिजे असं नाही. प्राथमिक प्रमाणपत्राच्या कोर्सला मात्र साधारण २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं तरंगणं जमावं लागतं. त्यानंतर जोडीदारासोबत १८ मीटरपर्यंत जाता येतं. अंदमानात पाणी मालवणपेक्षा स्वच्छ दिसतं, पण विमानाचं तिकीट जपून काढा. एकाहून जास्त डाइव्ह केल्यावर निदान १८ तास विमानात बसू नये.

पैसे भरण्याआधी विचारा : एका प्रशिक्षकामागे किती जणी? आजारांचा फॉर्म भरून घेता का? दमा, हृदयविकार, कानाचा त्रास लपवू नका. गरोदरपणी डायव्हिंग करू नये. पाळीमुळे मात्र समुद्र विटाळत नाही, बरं वाटत असेल तर खुशाल जा. फॉर्मच नाही म्हणाले, तर परत फिरा.

पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून खुणा असतात. अंगठा वर करणं म्हणजे ‘छान’ नव्हे, ‘मला वर जायचंय’. ‘ठीक आहे’साठी अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. आणि एक नियम मला फार आवडला : कुणीही, कधीही, कारण न देता डाइव्ह थांबवू शकते. घरात, कचेरीत, संघटनेतसुद्धा बाईच्या ‘नको’ला इतक्या सहज मान मिळताना मी क्वचितच पाहिलंय.

पुढच्या खेपेला खाली जाताना माझा कान दुखू लागला. मी अंगठा वर केला. आम्ही वर आलो. कुणीही काही विचारलं नाही.