कुकरची शिट्टी आणि आपलं डिझाइन

आपल्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये 'सेफ्टी' कुठे येते? 'फ्यूचर स्कोप'च्या जरा आधी, अर्धं पान! माझं म्हणणं एवढंच की ती पहिल्या पानावर यायला हवी. उदाहरण घेतो साचे तापवणाऱ्या गरम पाण्याच्या सिस्टिमचं.

पीपीएससारख्या प्लॅस्टिकसाठी साचा साधारण 135 ते 150 अंशांपर्यंत तापवावा लागतो. त्यासाठी साच्यातून तेल फिरवता येतं, पण गळलं की आगीची भीती. पाणी स्वस्त, आणि किलोमागे तेलाच्या जवळजवळ दुप्पट उष्णता वाहून नेतं. मात्र शंभर अंशांपुढे पाण्याला पाणीच ठेवायचं तर दाब हवा. स्टीम टेबल उघडा: 140 अंशांना सुमारे 3.6 बार, 180 ला 10 बार (ॲब्सोल्यूट). प्रत्यक्षात त्याहून थोडा जास्तच ठेवायचा, नाहीतर पंपाच्या तोंडाशीच वाफ धरते.

इथपर्यंत परीक्षेत सगळ्यांना येतं. पण पाइप फुटला तर? दहा बारचं थंड पाणी फुटलं तर एक चिळकांडी उडते आणि दाब उतरतो. 180 अंशांचं 100 किलो पाणी मोकळं झालं, तर त्यातल्या सुमारे 15 किलोची क्षणात वाफ होते. ती मावायला 25 घनमीटर जागा लागते, म्हणजे आपली होस्टेलची एक अख्खी खोली! उरलेलं पाणी उकळतं असतं ते वेगळंच. आणि गेज दोन्ही वेळा दहाच दाखवतो. धोका नुसत्या दाबात नाही, साठवलेल्या उष्णतेत आहे.

हे डोक्यात ठेवून कागद पुढे घेतला की डिझाइनच बदलतं. मोठी टाकी नको, सर्किटमध्ये पाणी कमीत कमी हवं. 20 वरून 180 अंशांवर जाताना पाणी सुमारे 12 टक्के फुगतं, म्हणून एक्स्पान्शन व्हेसल हवंच. तापमान सांभाळणारा कंट्रोलर वेगळा आणि जास्त तापल्यास हीटर तोडणारा कटआउट वेगळा, कारण एकच सेन्सर दोन्हीकडे असेल तर तो बिघडला की दोन्ही गेले. प्रवाह थांबला तर हीटर बंद. सेफ्टी वॉल्व्हच्या आधी दुसरा कोणताही वॉल्व्ह नाही आणि त्याचं तोंड माणूस उभा राहतो तिकडे नाही. होज निवडताना त्या तापमानाला तो किती दाब सोसतो ते बघायचं. आणि पाणी निवून दाब उतरल्याशिवाय साच्याचं कपलिंग सुटताच कामा नये.

"एवढं कशाला?" असं कोणी म्हणेल. मग घरचा कुकर बघा. शिट्टी अडकली तर सेफ्टी प्लग वितळतो. आतल्या झाकणाच्या कुकरचं झाकण वाफ असेपर्यंत उघडत नाही. स्वयंपाक करणाऱ्याला स्टीम टेबल पाठ नसणार, हे धरूनच तो बनवलाय. मग रात्रपाळीला, घाईत साचा बदलणाऱ्या ऑपरेटरला आपण त्याहून कमी का द्यायचं?

"कायदा आहे की!" असंही ऐकू येतं. अमेरिकेत ब्रॉकटन इथल्या बुटांच्या कारखान्यात 1905 मध्ये बॉयलर फुटून 58 माणसं गेली, त्यानंतर तिथल्या राज्यात 1907 मध्ये नियम झाले. आपल्याकडे 1923 चा बॉयलर कायदा जाऊन 2025 मध्ये नवा आला. पण कायदा बहुतेक वेळा अपघातानंतर लिहिला जातो. डिझाइन करणाऱ्यालाच तेवढी आधी विचार करायची संधी असते.

म्हणून सर आणि मॅडमना एक विनंती. व्हायवात एफिशियन्सी जरूर विचारा, पण पहिला प्रश्न असा टाका: "हे फुटलं तर शेजारी उभ्या असलेल्या माणसाचं काय होईल?" ज्या ग्रुपकडे उत्तर नाही, त्यांचं डिझाइन अजून झालेलं नाही, मग थ्री-डी मॉडेल कितीही चकाचक असो!