वाढत्या अंगाचे घर

लहानपणी आम्हा भावंडांचे कपडे वर्षातून एकदा, दिवाळीला शिवले जात. आई शिंप्याला एकच सूचना करी, 'वाढत्या अंगाचे शिवा.' मग शिंपी विजारीच्या पायाशी चार बोटे कापड आत मुडपून ठेवी आणि पुढची दोन वर्षे ती शिवण उसवत उसवत आम्ही त्याच कपड्यांत वाढत असू. शहरातल्या गरिबांसाठी बांधलेल्या घरांच्या इमारती पाहिल्या की मला आईची ती सूचना आठवते. या घरांत मुडपून ठेवलेले कापड कुठेच नसते.

मुंबईच्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत १९९५ साली २२५ चौरस फुटांचे घर देण्याचे ठरले. पुढे ते २६९ आणि नंतर ३०० चौरस फुटांचे झाले. आकडा वाढला हे चांगलेच झाले, पण तो वाढला सरकारी कागदावर. ज्याला २२५ फूट मिळाले त्याच्याही घरात मुले मोठी झाली, सुना आल्या, गावाकडून म्हातारे आईवडील आले. भिंत मात्र तसूभर हलली नाही.

हे मला कळले ते कादंबऱ्या लिहून नव्हे, बँकेच्या खुर्चीत बसून. १९९६ साली मी इंदूरला एका शाखेत अधिकारी होतो. पोह्यांची हातगाडी लावणारे एक गृहस्थ कर्ज मागायला आले. इंदूरच्या जुन्या मराठी वळणाचे बोलणे. म्हणाले, "साहेब, घर आहे. मुलाचं लग्न ठरलंय, वर एक खोली काढायचीय." आमच्या योजनेत घर होते, सदनिका होती, 'एक खोली' नव्हती. तरीही जागेची पाहणी करणे माझे काम होते, म्हणून गेलो.

ती वस्ती होती अरण्य. बाळकृष्ण दोशी या पुण्यात जन्मलेल्या वास्तुरचनाकाराने ती आखलेली. सुमारे ८५ हेक्टर जमीन, साडेसहा हजारांच्या आसपास भूखंड. त्यांतले सर्वांत लहान ३५ चौरस मीटरचे. गरिबाला तयार घर द्यायचे नाही; जोते, संडास-न्हाणी, पाण्याचा नळ आणि जागेचा हक्क द्यायचा, बाकीचे त्याने ऐपतीप्रमाणे बांधायचे, ही कल्पना. नमुन्याची ८० घरे तेवढी बांधून दाखवली होती. जिना बाहेरून, म्हणजे वरची खोली मुलाला देता येईल किंवा भाड्यानेही. मोठे भूखंड चढ्या किमतीला विकून लहानांचा भार हलका करायचा, हा हिशेब तर माझ्यातल्या बँकवाल्याला फारच पटला. १९९५ साली या वस्तीला आगाखान पुरस्कार मिळाला होता.

१९८० च्या दशकात चार्ल्स कोरिया यांनी नवी मुंबईत बेलापूरला अशीच वसाहत उभारली. सात-सात घरे एका अंगणाभोवती, आणि कुठल्याही दोन घरांची भिंत सामाईक नाही. का, तर शेजाऱ्याशी भांडण न होता प्रत्येकाला आपले घर वाढवता यावे! पुढे २००४ साली चिलीतल्या इकीके शहरात आलेहांद्रो आरावेना यांनी पैसे अपुरे पडतात हे पाहून अर्धेच घर बांधले, आणि उरलेल्या अर्ध्याची जागा मोकळी सोडली. आरावेना यांना २०१६ साली आणि दोशींना २०१८ साली प्रिट्झकर पुरस्कार मिळाला. आपल्याकडच्या सुताराला या कल्पनेचे नवल वाटले नसते. आपले घर खणांत मोजले जाई. आधी दोन खणांचे, पीक बरे आले की तिसरा खण, मागे एखादी पडवी. खण म्हणजेच आजच्या भाषेतले 'मॉड्यूल'.

आज मात्र मॉड्यूलर म्हणजे कारखान्यातून आलेला खोका, असा अर्थ झाला आहे. २०२१ च्या पहिल्या दिवशी सहा शहरांत 'लाइट हाऊस' प्रकल्पांची पायाभरणी झाली, प्रत्येकी हजारेक घरांची. इंदूरमध्ये तयार भिंती जोडण्याची पद्धत, रांचीत अख्ख्या खोल्याच ओतून आणून एकमेकींवर रचण्याची. या तंत्राला मी नाक मुरडणार नाही. काम लवकर होते, धूळ आणि नासाडी कमी होते. पण आठव्या मजल्यावरच्या तयार भिंतीला दार पाडता येत नाही, आणि लिफ्ट व पंपाचे बिल महिन्याच्या महिन्याला भरावे लागते. ज्या इमारतीची देखभाल राहणाऱ्यांना परवडत नाही ती पर्यावरणस्नेही कशी म्हणायची? जे घर गल्लीतला गवंडी दुरुस्त करू शकतो, जिथे जुनी भिंत न पाडता नवी खोली चढते, ते अधिक टिकते.

मुंबईत अशी जमीन आणायची कुठून, हा प्रश्न रास्त आहे. भर मुंबईत उंच इमारतींना पर्याय नाही. तिथे निदान मागून बंद करता येईल अशी गच्ची आणि पोटमाळ्यापुरती उंची द्यावी. पण नांदेड, जालना, सोलापूर म्हणजे मुंबई नव्हे. तिथेही आपण मुंबईचाच नकाशा का गिरवतो? दुसरा आक्षेपही खरा आहे. बेलापूरची कित्येक मूळ घरे पाडून लोकांनी मोठी बांधली. तो देखणा नमुना आता शोधावा लागतो. रचनाकाराला त्याचे वाईट वाटेल. मला वाटते, माणसांची भरभराट झाली याचीच ती खूण.

पैशांचे म्हणाल, तर २०१५ च्या प्रधानमंत्री आवास योजनेत स्वतःच्या जागेवरचे घर वाढवायलाही मदतीची सोय होती. पण अट स्वतःच्या जागेची! झोपडीत राहणाऱ्याकडे नेमकी तीच नसते. म्हणून आधी जागेचा हक्क द्यावा, मग जोते आणि नळ. त्यानंतर बँकांनी खोलीपुरते लहान कर्ज द्यावे. ते फिटले की पुढच्या खोलीचे.

त्या पोहेवाल्या गृहस्थांचे कर्ज मी नामंजूर केले. त्यांनी ती खोली चढ्या व्याजाने पैसे उचलून बांधली, हे मला वर्षभराने कळले. पाहणीच्या दिवशी त्यांच्या घराच्या खांबांवर लोखंडी सळया आकाशाकडे तोंड करून उभ्या होत्या, पुढच्या मजल्यासाठी राखून ठेवलेल्या. मी अहवालात शेरा मारला, 'बांधकाम अपूर्ण.' आज तो कागद पुन्हा माझ्यासमोर आला, तर तो शेरा खोडून मी लिहीन, 'वाढत्या अंगाचे.'