म्हैसूरच्या दसऱ्यात पहिल्या रक्ताची झुंज

म्हैसूरचा दसरा म्हटले की डोळ्यांपुढे सोन्याची अंबारी, सजलेले हत्ती आणि दिव्यांनी उजळलेला राजवाडा येतो. पण विजयादशमीच्या सकाळी, अंबारी निघण्याच्या कितीतरी आधी, राजवाड्याच्या चौकात आणखी एक सोहळा पार पडतो. तो पाहायला मात्र काळीज घट्ट हवे.

लाल मातीच्या छोट्याशा आखाड्यात मल्लांच्या दोन जोड्या उतरतात. डोक्याचा चकोट केलेला, अंगावर फक्त आखूड लांघ, आणि उजव्या मुठीत दातेरी अणकुच्यांचा पंजा. हीच वज्रमुष्टी. पूर्वी ती म्हशीच्या शिंगाची किंवा हस्तिदंताची असे, पुढे धातूची आली. नियम एकच: ज्याच्या डोक्यातून आधी रक्त आले, तो हरला. पुष्कळदा मिनिटभरातच निकाल लागतो. या झुंजीला कन्नडमध्ये 'वज्रमुष्टी काळग' म्हणतात. काळग म्हणजे लढाई.

लढणारे असतात जेट्टी. म्हैसूर, बेंगळुरू, चन्नपट्टण आणि चामराजनगर येथील ही मल्लांची घराणी. 'ज्येष्ठी' या शब्दाचेच हे कन्नड रूप. या ज्येष्ठीमल्लांचे मूळ गुजरातेतील मोढेऱ्याचे मानले जाते आणि 'मल्लपुराण' नावाचा त्यांचा स्वतंत्र ग्रंथही आहे. मल्लाने कोणत्या ऋतूत काय खावे, व्यायाम कोणता आणि किती करावा, याचा त्यात विचार केलेला आढळतो. मराठी वाचकांना हे फार परके वाटू नये. बडोद्याच्या गायकवाडांनीही या मल्लांना आश्रय दिला होता. खंडेराव महाराजांच्या काळात, म्हणजे १८६० च्या दशकात, बडोद्याला आलेल्या लुई रूसले या फ्रेंच प्रवाशाने शिंगाची नखे बांधून होणाऱ्या अशाच कुस्तीचे वर्णन लिहून ठेवले आहे.

आता खरा प्रश्न. समोरचा गडी आपल्यापेक्षा हातभर उंच आणि अंगाने दुप्पट असेल तर?

आपल्याकडच्या कुस्तीत वजनाला मोठी किंमत आहे. जड गडी नुसता अंगावर रेलला तरी हलक्याचा दम निघतो. म्हणून तर स्पर्धांत वजनी गट पाडावे लागले. वज्रमुष्टीत हे गणित थोडे बदलते. डोक्याच्या कातडीत रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. तिथे लहानशी चीर पडली तरी भळभळून रक्त येते. शंभर किलोच्या मल्लाची टाळू काही साठ किलोवाल्यापेक्षा जाड नसते! तुळतुळीत डोक्यावर तर रक्ताचा एक थेंबही लपत नाही. त्यामुळे हलक्या गड्याला समोरच्याला चीत करायचे नसते, फक्त एकदा नेमके पोहोचायचे असते.

पण हे बोलायला सोपे. वज्रमुष्टीत धरपकडही चालते. एकदा का जड गड्याच्या मिठीत मान सापडली की टाळू त्याच्या हाताखाली आयती येते. म्हणून लहान अंगाच्या मल्लाने मानेची आणि पायांची तयारी आधी करायची. जोर, बैठका, मुद्गल हे रोजचेच, पण त्याहून महत्त्वाचा मोकळा डावा हात. समोरच्याचे उजवे मनगट त्यानेच थोपवायचे. आणि दम! पहिले काही क्षण जो चुकवत राहील त्याला संधी मिळते. अंगाने मोठा गडी लवकर धापा टाकू लागतो, हे कोणताही वस्ताद सांगेल.

मराठी मुलखात अशा तयारीची एक गोष्ट घरोघर ठाऊक असायला हवी, पण ती फारशी सांगितली जात नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात निजामाकडचे अली आणि गुलाब हे दोन धिप्पाड पैलवान आले आणि त्यांनी आव्हान दिले. कोणी पुढे होईना, तेव्हा सडसडीत अंगाच्या बाळंभट देवधरांनी मुदत मागून घेतली. वणीच्या सप्तशृंगीवर माकडांच्या उड्या पाहून त्यांनी लाकडी खांबावर सराव केला आणि परतल्यावर अलीला लोळवले, असे परंपरा सांगते. मल्लखांब पुन्हा वर आला तो त्यांच्यामुळे. चपळाई हवी, पण तीही मुदत घेऊन कमवावी लागते!

जोड विषम असली की पाहणाऱ्यांचाही जीव वर-खाली होतो. भागवताच्या दशम स्कंधात कोवळ्या कृष्णापुढे चाणूर उभा राहतो, तेव्हा सभेतल्या बायकाच हा अधर्म आहे म्हणून कुजबुजू लागतात. त्यांचे म्हणणे रास्तच होते. म्हैसूरला जोड लावण्याचे काम जाणत्यांकडे असे. म्हैसूरचा इतिहास लिहिणारा इंग्रज कर्नल मार्क विल्क्स सांगतो की, जोड्या आधीच ठरत आणि जेट्टींचे पाच वर्ग होते. जिंकलेला मल्ल वरच्या वर्गात जाई. त्या काळी रक्त डोक्यापासून मातीपर्यंत ओघळे. झुंज फारच रंगली तर राजाची माणसे पागोटी आणि वस्त्रे आखाड्यात टाकत, म्हणजे थांबण्याची खूण.

आज ती पहिल्याच थेंबाला थांबते, हे बरेच झाले. तरीही डोके ते डोकेच. घरच्या मुलांनी हा खेळ गच्चीवर करून पाहू नये, हे सांगायला हवे का?

रक्त दिसताच मधे उभे असलेले जाणते जेट्टींना बाजूला करतात. जखम झालेला आणि न झालेला, दोघेही राजघराण्याच्या वारसाला वंदन करतात. २०१५ पासून हा मान यदुवीर कृष्णदत्त चामराज वाडियार यांच्याकडे आहे. मग विजययात्रा निघते आणि वाड्याच्या आवारातल्या भुवनेश्वरीच्या देवळाकडे शमीपूजनासाठी वळते. बाहेर तोपर्यंत अंबारीच्या मिरवणुकीसाठी लोकांनी जागा धरायला सुरुवात केलेली असते.