भिंत ओळखा, मगच ड्रिल मशीन घ्या



धम्मचक्र प्रवर्तन दिन जवळ आला की आपल्या वस्त्यांमधून घरोघरी रंगरंगोटी सुरू होते. तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर चांगल्या जागी लावायची असते. मुलांच्या पुस्तकांना फळी हवी असते, स्वयंपाकघरात मांडणी हवी असते. पुनर्वसनाच्या इमारतीत नवे घर मिळालेल्यांना तर पडद्याच्या दांडीपासून सारेच नव्याने करायचे असते. अशा वेळी घरातला कर्ता मुलगा म्हणतो, "आपण एक ड्रिल मशीनच घेऊन टाकू." बेत वाईट नाही. पण बोनसचा किंवा भिशीचा पैसा दुकानदाराच्या हाती देण्यापूर्वी थोडा विचार करावा. रुपयाच्या प्रश्नावर १९२३ साली ग्रंथ लिहिणाऱ्या बाबासाहेबांची आपण लेकरे. आपला रुपया डोळसपणेच खर्च झाला पाहिजे.

दुकानात गेल्यावर आपण विचारतो, "किती वॅटचे आहे? कितीला पडेल?" खरा पहिला प्रश्न वेगळाच आहे. आपली भिंत कशाची आहे? भिंतीला भोक पाडायला मुहूर्त लागत नाही आणि वास्तुशास्त्रही लागत नाही. भिंत कशाची बनली आहे, एवढे मात्र पाहावे लागते.

त्याची परीक्षा सोपी आहे. तसबिरीमागे झाकली जाईल अशा जागी एक खिळा ठोकून पाहा. गिलावा साधारण अर्धा इंच असतो. त्याच्या आतला चुरा लाल निघाला तर भिंत विटेची. चुरा पांढुरका निघाला आणि खिळा सहज आत गेला तर हलक्या ब्लॉकची, ज्याला बरेच जण सिपोरेक्स म्हणतात. खिळा वाकला आणि राखाडी भुकटी पडली तर भिंत काँक्रीटची. जुन्या चाळीत बहुधा वीट सापडते. नव्या उंच इमारतींत मात्र पुष्कळदा सबंध भिंतच काँक्रीटची ओतलेली असते.

आता मशीनचे प्रकार पाहू. साधे ड्रिल फक्त फिरते. लाकूड, पत्रा आणि सिपोरेक्स यांना ते पुरते. इम्पॅक्ट ड्रिल फिरता फिरता बारीक ठोकेही देते. विटेच्या भिंतीला ते उत्तम. काँक्रीटमध्येही दोन-चार भोके पाडील, पण वेळ लागेल आणि हात भरून येतील. तिसरे म्हणजे रोटरी हॅमर. त्याच्या आत हवेच्या दाबावर दट्ट्या चालतो. ठोके संख्येने कमी, पण प्रत्येक ठोका जोरकस. काँक्रीटच्या भिंतीला हेच खरे. मात्र त्याला खाचांच्या दांड्याचे वेगळे बिट लागते, साधे बिट त्यात बसत नाही. बॅटरीवरचे छोटे मशीन स्क्रू आवळायला आणि लाकडाला छान. काँक्रीटसाठी स्वस्तातले घेऊ नये. शिवाय बॅटरी काही वर्षांत थकते आणि नवी महाग पडते.

विटेच्या घरासाठी ५०० ते ६०० वॅटचे, १० किंवा १३ मिलीमीटर चकचे इम्पॅक्ट ड्रिल भरपूर झाले. घोडा दाबू तसा वेग कमी-जास्त व्हावा, उलट-सुलट फिरण्याची सोय असावी आणि ठोका बंद करता यावा, एवढे पाहून घ्या. नामांकित कंपनीचे असे मशीन साधारण दोन ते साडेतीन हजारांत मिळते. ६०० वॅटचे मशीन तीन अँपिअरहूनही कमी वीज ओढते, म्हणजे घरातल्या साध्या प्लगवर चालते. दहा मिनिटे चालवले तर एक युनिटाचा दहावा भाग जळतो. तेव्हा वीजबिलाची चिंता नको.

पैसे वाचवायचेच तर मशीनच्या दिमाखात वाचवा, बिटात वाचवू नका. भिंतीसाठी टोकाला कार्बाइड बसवलेले बिट हवे. लोखंडाला वेगळे, लाकडाला वेगळे. पन्नास नगांचा चकचकीत डबा घेण्यापेक्षा ६ आणि ८ मिलीमीटरची दोन-दोन चांगली बिटे घ्या. तसबीर, पडद्याची दांडी यांना ६ मिलीमीटरची प्लास्टिकची गिट्टी पुरते. पुस्तकांच्या फळीला ८ ची लावा. भोक गिलाव्याच्या पार आत गेले पाहिजे, नाहीतर फळी पुस्तकांसकट खाली येते. हव्या त्या खोलीवर बिटाला चिकटपट्टीची खूण करून घ्या. टाइल्सवर ठोका बंद ठेवा, टाइलचे बिट वापरा आणि वेग कमी ठेवा.

आता हिशेबाकडे येऊ. आपल्या घरात वर्षभरात किती भोके पडणार आहेत? कागदावर लिहून काढा. चार-पाच असतील तर मशीन विकत घेऊ नका. वस्तीतल्या सुताराला किंवा वायरमनला बोलवा आणि त्याची मजुरी घासाघीस न करता द्या. त्याच्या हातात कसब आहे आणि तोही आपल्यासारखाच हातावर पोट असलेला माणूस आहे. वीस-पंचवीस भोके एकदाच पाडायची असतील तर हार्डवेअरवाल्याकडे भाड्याने मशीन मिळते का ते विचारा. जुने मशीन मिळत असेल तर चालवून पाहा. चक डुगडुगत असेल किंवा जळका वास येत असेल तर सोडून द्या. नुसत्या ठिणग्या जास्त दिसत असतील तर पुष्कळदा आतले कार्बन झिजलेले असतात आणि ते थोड्या खर्चात बदलता येतात.

याहून चांगला एक मार्ग आहे. आपल्या विहारात सतरंज्या, पातेली, खुर्च्या सर्वांच्या मालकीच्या असतात. मंगल परिणय असो की पुण्यानुमोदन, कोणाला भाड्याने आणाव्या लागत नाहीत. तसे एक मशीन का नसावे? रोटरी हॅमर ५ हजारांच्या वर जाते आणि एका घराला ते जड आहे. पण बारा घरांनी प्रत्येकी ६०० रुपये काढले तर ७,२०० रुपये जमतात. त्यात मशीन, बिटे आणि डोळ्यांचा चष्मा एवढे बसवता येते. कोणी कधी नेले, कधी परत केले याची वही ठेवा. बिट मोडले तर ज्याने मोडले त्याने भरून द्यावे. पक्के बिल घ्या आणि वॉरंटीच्या कार्डासह विहाराच्या फायलीत ठेवा.

शेवटी जिवाची गोष्ट. ती पैशाहून मोठी. स्विचबोर्डच्या सरळ वर, सरळ खाली किंवा सरळ बाजूला भोक पाडू नका. वायर बहुधा तिथूनच जाते. नळाच्या रेषेतही नको. भोक पाडताना बिट एकदम अडले तर आत सळई असू शकते. जोर करू नका, भोक दोन बोटे सरकवा. खांब आणि तुळई शक्यतो टाळा. मशीनवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर ते दुहेरी आवरणाचे आहे आणि त्याला दोन पिनांचा प्लग असतो. तीन पिनांचे असेल तर घरात अर्थिंग असलेच पाहिजे. तिसरी पिन तोडून काम भागवू नका. ओल्या लादीवर अनवाणी उभे राहून मशीन चालवू नका. डोळ्यांना चष्मा लावा, नाकातोंडाला मास्क बांधा, कारण काँक्रीटची धूळ फुप्फुसात साचते. साडीचा पदर, ओढणी, मोकळे केस नीट खोचून बांधा.

पदर खोचा म्हटले ते एवढ्यासाठी की हे काम घरातल्या बाईने आणि मुलीनेही शिकावे. भावाची वाट पाहत पुस्तके फरशीवर पडून राहण्यापेक्षा मुलीने स्वतः भोक पाडून फळी बसवलेली बरी. या वर्षावासात ज्या घरात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचला जातो, त्या घरात तो ग्रंथ ठेवायला एक भक्कम फळी असावी. ती फळी कर्ज न काढता आणि कोणाला इजा न होता लागली की झाले.

जयभीम! नमो बुद्धाय!