जुनं लाकूड, नवं मखर

सुरुवातीलाच माफी मागून टाकते. माझी सगळी शाळा नांदेडला कॉन्व्हेंटमध्ये झाली, त्यामुळे माझ्या ऱ्हस्व-दीर्घांवर संपादक मंडळाचं लाल पेन फिरणार हे मला माहीत आहे. तरी मराठी विभागातच लिहितेय, कारण विषय गेल्या गणपतीतल्या आमच्या मखराचा आहे आणि त्यातले निम्मे शब्द मला इंग्रजीत सांगताच येणार नाहीत.

झालं असं, की आमच्या मुलींच्या होस्टेलवर मखराची मीटिंग बसली. थर्माकोलचा प्रश्नच नव्हता, २०१८ साली राज्य सरकारने त्यावर बंदी घातली आहे. (दुकानात मागच्या बाजूने मिळतं, हेही सगळ्यांना माहीत आहे. ९८ टक्के हवा असलेली वस्तू, पण गोदावरीत टाकली की जात नाही.) मग कुणीतरी मोबाईलवर फोटो दाखवले. 'रस्टिक लुक'! लाकडी फळ्यांची भिंत, त्यावर दिवे, खाली पानं. सगळ्यांना एकदम आवडलं. तयार पॅनेल पुण्याहून मागवता येतात म्हणे. त्याचा दर ऐकून मेसचं बिल आठवलं, ते सोडा. पण ती बनवतात कशी हे वाचल्यावर मी थक्क झाले. नवंकोरं पाइनचं लाकूड घ्यायचं, गॅसच्या ज्वाळेने भाजायचं, तारेच्या ब्रशने खरवडायचं, साखळीने बदडायचं, म्हणजे ते जुनं दिसतं.

"रस्टिकला मराठीत काय म्हणतात गं?" एकीने विचारलं.

"गावठी," माझी रूममेट म्हणाली.

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण जरा उशिरा. फर्स्ट इयरला हाच शब्द मी तिच्या बॅगेबद्दल वापरला होता आणि तो तिने ऐकला होता. तेव्हा ती काही बोलली नव्हती.

त्याच आठवड्यात माझ्या आजोळी घर पाडायला काढलं होतं. गंगाखेड तालुक्यातलंच खेडं, माळवदाचं घर. पुढे ढेळज, आत लाकडी खांब, वर तुळया, त्यावर फळ्या आणि त्यावर मातीचा जाड थर. छतात उजेडासाठी सवणं. लहानपणी मी सुट्टीत जायचे तेव्हा यातल्या एकाही वस्तूचं नाव मला येत नव्हतं. सागाचे खांब आणि तुळया आधीच घनफुटावर विकल्या गेल्या होत्या. राहिल्या होत्या लिंबाच्या, खिळे ठोकलेल्या, धुराने काळ्या झालेल्या फळ्या. त्या वीटभट्टीला जळण म्हणून जाणार होत्या. मामा म्हणाले, "तुला पायजेत तर घेऊन जा, तसंबी जाळायच्याच हायत."

म्हणजे पुण्यात नवं लाकूड जाळून जुनं करतात आणि आमच्याकडे जुनं लाकूड जाळून विटा भाजतात.

आम्ही १२ फळ्या टेम्पोत टाकून आणल्या. आता थोडं इंजिनिअरिंग, नाहीतर सर म्हणतील चार सेमिस्टरमध्ये शिकलात काय. नवं लाकूड सुकताना आकसतं, पिळवटतं. फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमध्ये मी केलेला क्रॉस लॅप जॉइंट महिन्याभरात खुळखुळायला लागला होता. त्यात माझ्या करवतीचा दोष होताच, पण लाकूडही ओलसर होतं. छतात दोन पिढ्या राहिलेल्या फळीचं जे काही आकसायचं ते कधीच आकसून झालेलं असतं. ती सरळ असेल तर बहुतेक सरळच राहते. त्रास असतो तो खिळ्यांचा. डोकं तुटून आत राहिलेला खिळा दिसत नाही आणि करवतीचा दात जातो. आम्ही जुन्या स्पीकरचं चुंबक फळीवरून फिरवलं, जिथे ओढ लागली तिथे खडूने फुली मारली.

हिरव्या ऑइल पेंटचं एक दारही मिळत होतं. फोटोत फार सुंदर दिसलं असतं. ते मी मुद्दाम नाकारलं आणि त्यावरून माझ्याशी दोघी अजून नीट बोलत नाहीत. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. आपल्याकडे रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची कायदेशीर मर्यादा आली ती २०१७ मध्ये. त्याआधीचं रंगवलेलं दार खोलीत बसून सँडपेपरने घासायचं म्हणजे ती धूळ नाकात घ्यायची. तसंच पॅकिंगच्या खोक्यांचं. परदेशातून माल आलेल्या लाकडी खोक्यावर शिक्का असतो, तो वाचा. 'एचटी' असेल तर ते लाकूड आतपर्यंत ५६ अंशांवर निदान अर्धा तास तापवलेलं आहे, घ्यायला हरकत नाही. 'एमबी' असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली आहे, ते सोडून द्या.

फळ्या जोडायला गावातल्या एका सुतारमामांना बोलावलं. आमचा प्लॅन सोपा होता, फेव्हिकॉल लावायचा आणि खिळे ठोकायचे. त्यांनी पाहिलं आणि विचारलं, "गणपती उठल्यावर काय करणार?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हा त्यांनी सोबत आणलेल्या तुळईच्या तुकड्याच्या टोकाशी पटाशीने मारलेल्या तीन रेघा दाखवल्या. असेच तीन छेद खांबावरही असतात, म्हणाले. कुठलं कुसू कुठल्या भोकात बसतं त्याची ती खूण. घर उभं करणाऱ्या माणसाने ते एक दिवस सुटं होणार, दुसरीकडे उभं राहणार, हे धरूनच बांधलं होतं. त्या तीन रेघांसमोर आमचा फेव्हिकॉल मला फारच गावठी वाटला. (जुन्या अर्थाने.)

म्हणून माझं मत असं आहे, आणि ते काहींना आवडणार नाही. जुन्या लाकडाची सजावट केली म्हणून आपण पर्यावरणाचं भलं केलं असं समजायचं कारण नाही. तेच लाकूड गोंदाने चिकटवून, चमकी मारून दहा दिवसांनी फेकलं तर आपण फक्त वीटभट्टीला उशीर केला. पाच-सात वर्षं वापरता येईल असं सुटं होणारं मखर केलं तरच त्याला अर्थ आहे. आणि माळवद म्हणजे काहीतरी रम्य, असंही कुणी मला सांगू नये. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तो अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या रात्री. जाड दगडी भिंती आणि डोक्यावरची माती अंगावर येऊन हजारो माणसं गेली. काही घरांत भिंती ढासळूनही लाकडी सांगाडा उभा राहिला होता, हेही सिव्हिलच्या वर्गात सांगतात. मामांनी स्लॅबचं घर बांधायचं ठरवलं ते यासाठीच. मी त्यांना कुठल्या तोंडाने थांबवणार? मी होस्टेलच्या स्लॅबखाली झोपते.

आजी मखर बघायला आली होती. आरतीनंतर तिने चष्मा वर केला आणि फळ्यांवरून हात फिरवत गेली. आठव्या फळीपाशी थांबली. तिथे एक लोखंडी कडी होती. ती आम्ही काढणार होतो, पण गंजून घट्ट बसली होती म्हणून राहिली.

"हिला पाळणा होता," ती म्हणाली. "तुझ्या आईचा." मग थोड्या वेळाने, "चांगलं दिसतंय माय. देवाच्या मागंच हाय ना." आणि प्रसाद घेऊन गेली. घर पाडल्याबद्दल ती मामांना एक शब्द बोललेली नाही. मला मात्र त्या रात्री आमचे 'रस्टिक' मखराचे फोटो ग्रुपवर टाकायची इच्छा झाली नाही. दुसऱ्या दिवशी टाकले.

स्टाफने हे पान वाचलंच तर एक विनंती. दरवर्षी फर्स्ट इयरचे लाकडी जॉब मार्क दिल्यावर स्क्रॅपमध्ये जातात. तेच जॉब मखराच्या, आकाशकंदिलाच्या, महालक्ष्म्यांच्या चौरंगाच्या मापाने करून घेता येणार नाहीत का? लॅप जॉइंट तो लॅप जॉइंटच राहील, आणि आपला जॉब देवामागे दिसणार म्हटल्यावर पोरं तो दुसऱ्याकडून करून घेणार नाहीत. (मी घेतला नव्हता. करवतीचा दोष माझाच होता.)

मखर सुटं करून जिन्याखालच्या खोलीत ठेवलंय. सुतारमामांनी प्रत्येक फळीच्या पाठीमागे पटाशीने नंबर मारून दिलेत. स्क्रू रेक्टर मॅडमच्या कपाटात, श्रीखंडाच्या डब्यात. पुढच्या वर्षी आम्ही फायनलला असू, वेळ मिळेल न मिळेल, म्हणून ज्युनिअर मुलींसाठी लिहून ठेवते: खालून वर लावत या, स्क्रू पिळून गच्च करू नका, आणि आठ नंबरची फळी उलटी लावू नका. कडी पुढच्या बाजूला.