गुरांच्या डॉक्टरांचा हुरूप आणि आपले कर्तव्य

जनावर आजारी पडले आणि दवाखान्याचे दार बंद दिसले, की आपण शेतकरी डॉक्टरास दोष देऊन मोकळे होतो. क्वचित तो दोष खराही असतो. परंतु दार बंद का, याचा विचार करणारे थोडे. पुष्कळदा एकाच डॉक्टराकडे दोन-तीन दवाखाने सोपविलेले असतात. एका गावी तो अडलेली गाय सोडवीत असता दुसऱ्या गावचे दार उघडे कसे राहणार?

दर पाच हजार पशुघटकांमागे एक डॉक्टर असावा, अशी शिफारस राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ सालीच केली होती. ऑगस्ट २०२२ मध्ये आपल्या सोयगाव तालुक्यास लागून असलेल्या जळगाव जिल्ह्यात लंपी रोग दिसला, तेव्हा रिक्त जागांची ओरड सर्वत्र झाली. तरीही काही महिन्यांतच राज्यातील बहुतेक सर्व गोवंशास लस टोचली गेली. २०१९ च्या गणनेत हा गोवंश सुमारे १ कोटी ३९ लक्ष होता. हे काम हुरुपाने झाले. मात्र असा हुरूप संकटकाळी उसना मिळतो, बारमाही टिकत नाही.

महसुली कचेरीत आयुष्य घालविल्यामुळे एक गोष्ट अनुभवाने सांगतो. एका कारकुनाकडे तिघांचे काम दिले, तर तिघांचे काम होत नाही. तिघांची पत्रके मात्र भरली जातात. डॉक्टराचेही तसेच होते. टोचणीचे व रेतनाचे आकडे पुरे करण्यात दिवस गेला, म्हणजे आजारी जनावराजवळ शांतपणे बसण्यास त्याला वेळ उरत नाही. आणि ज्या कामासाठी तो शिकला, त्यातील गोडीच जाते.

शिवाय हे काम जोखमीचे आहे. गाभ टाकलेल्या गाईची वार काढताना ब्रुसेल्ला रोगाचे जंतू माणसास जडतात आणि ताप व सांधेदुखी महिनोन् महिने पिच्छा पुरवितात. पिसाळलेल्या जनावराची लाळ तर प्राणघातकच.

कोणी म्हणतील, "पगार घेतात ना?" पगाराने हजेरी मिळते, मध्यरात्री चिखल तुडवीत गोठ्यावर येण्याची कळकळ पगाराने मिळत नाही. ती मानाने व सोयीने टिकते. कामचुकारपणा करणाऱ्याची तक्रार अवश्य करावी. पण ती तारीखवार व लेखी असावी, चावडीवरील शिवीगाळ नसावी.

आपल्या हाती पुढील गोष्टी आहेत. गावात लोकवर्गणीने एक भक्कम खोडा उभारावा. सकाळी चारा सोडलेल्या जनावराची वर्दी सकाळीच द्यावी, रात्रीपर्यंत घरगुती औषधे करीत बसू नये. डॉक्टर येण्यापूर्वी जनावर बांधून ठेवावे. काम झाल्यावर साबण व ऊन पाणी द्यावे. जनावर दगावले तरी उपचार करणाऱ्याच्या अंगावर धावून जाऊ नये.

आणि मुख्य गोष्ट ही, की जेथे जागा रिक्त असेल तेथे ग्रामसभेने ठराव करून तो जिल्हा परिषदेकडे व पशुसंवर्धन खात्याकडे पाठवावा, आणि उत्तर येईपर्यंत स्मरणपत्रे देत राहावे. रस्त्यासाठी आपण जो नेट लावतो, तो डॉक्टरासाठी लावीत नाही. वस्तुतः गोठ्यातील बैलजोडी व दुभती गाय हीच आपल्यापैकी पुष्कळांची ठेव आहे, आणि त्या ठेवीचा राखणदार थकलेला असणे आपणांस परवडणारे नाही.