मृगाआधी गच्चीवरची डिश तपासा

सोसायटीच्या गच्चीवर इंटरनेटची वायरलेस डिश आहे? मग हे तुमच्यासाठीच आहे.

अंधेरीत वेरावलीला २०२२ पासून हवामान खात्याचं सी-बँड रडार आहे. पावसाच्या थेंबांवरून परतणारा अगदी क्षीण प्रतिध्वनी ऐकून ते सर कुठून येतेय ते सांगतं. अशी रडारं सहसा ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात. तुमची डिशही त्याच पट्ट्यात बोलू शकते. ती जोरात बोलली, की रडारच्या चित्रावर सरळ पट्टा उमटतो आणि त्यामागचा पाऊस दिसेनासा होतो. पोर्तो रिकोत सॅन हुआन विमानतळाच्या रडारला २००९ साली असाच त्रास झाला. इथे होऊ देऊ नका.

केबलवाल्याला आजच बोलवा. त्याच्याशेजारी उभे राहा. सेटिंगमध्ये देश 'भारत' आहे का, बघा. 'टेस्ट' असेल तर बदलून घ्या. डिशचा गेन, म्हणजे ती सिग्नल एका रोखाने किती एकवटते तो आकडा, भरलाय का, विचारा. खरी गोम इथेच असते. यंत्राची शक्ती २७ डीबीएम, डिशचा गेन २३, बेरीज ५०. म्हणजे डिशच्या रोखाने १०० वॅटइतका मारा! गेनच्या जागी शून्य भरलं, की यंत्र समजतं आपण अर्धा वॅटच सोडतोय.

२६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर. तेव्हा मुंबईत डॉपलर रडार नव्हतं. आता आहे. तासभर आधी कळलं, तर मुलं शाळेतून घरी येतात, तळमजल्यावरच्या आजी वर जातात. तो तास हिरावू नका.

रडार ऐकू येताच चॅनेल सोडायची सोय यंत्रात असते. तिला डीएफएस म्हणतात. लिंक सुरू व्हायला मिनिटभर जास्त लागतं म्हणून ती बंद करतात. मिनिटासाठी! चालू करायला लावा. १२०, १२४, १२८ हे चॅनेल सोडूनच द्या.

घरच्या राउटरचंही तेच. परदेशातून लेकीने पाठवलेला असेल, तर देश तपासा. शक्ती वाढवून फारसं काही मिळत नाही: राउटरचं फोनला ऐकू जाईल, पण फोनचा क्षीण आवाज राउटरपर्यंत पोचायला हवा ना! राउटर घराच्या मधोमध ठेवा.

लिंक कमजोर झाली तर डिशचा रोख नीट करून घ्या, शक्ती वाढवू देऊ नका. आणि हे आत्ताच करा. पाऊस लागला की गच्चीवर कुणी चढणार नाही.